दोन मिलिलिटर पाणी

त्याला सगळे काटेवाला म्हणायचे, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. धंदाच तो होता. दुकानांतले, दवाखान्यांतले, टपाल कचेरीतले वजनकाटे तपासायचे, बिघडले असतील तर खोलून नीट करायचे, आणि खात्री पटली की वर मोहर उठवायची. खांद्यावरच्या लाकडी पेटीत त्याची पितळी वजनं मखमलीच्या खाचांत बसवलेली असत. ती तो कधी बोटांनी धरत नसे, चिमट्याने उचलायचा, कारण घामाचा थेंब लागला तरी वजन बदलतं असं त्याचं म्हणणं. लग्नात अंगठी उचलायलाही हा चिमटा मागेल, अशी मित्रांनी त्याची थट्टा केली होती.

त्याची बायको लहान मुलांना पोहायला शिकवायची. चार-पाच वर्षांची पोरं तिच्या गळ्यात पडून पाण्यात उतरत आणि महिन्याभरात तिलाच पाणी उडवून सतावत. ती सगळी तिला 'बाई' म्हणत. ऐकून ऐकून घरातही तेच नाव रुळलं. आवाज असा खणखणीत, की तलावाच्या एका टोकाला ती ओरडली की दुसऱ्या टोकाचं पोर आपसूक पाय मारायला लागे.

रविवारी चर्चमधल्या मिस्सेला बाई पुढच्या बाकांवर बसायची आणि काटेवाला दाराजवळच्या खांबाला टेकून उभा राहायचा. तो जन्माचा कॅथलिक, सगळे संस्कार वेळच्या वेळी झालेले, पण ज्याचं वजन करता येत नाही त्याबद्दल माणसाने फार बोलू नये असा त्याचा स्वभाव. बाईने त्याला कधी हाताला धरून पुढे ओढलं नाही. दारातला माणूस देवाला दिसत नाही असं थोडंच आहे, एवढंच ती म्हणायची.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि तिला दिवस गेले. पहिल्या सोनोग्राफीत पडद्यावर जेमतेम एक पांढरा ठिपका दिसला, म्हणून पोटातल्या बाळाचं नाव ठिपका पडलं. ठिपक्याला भूक लागली, ठिपका झोपला, ठिपक्याला बाबांचं घोरणं आवडत नाही, असं सगळं सुरू झालं.

पाचवा महिना लागला आणि बाईला दम लागायला लागला. एका दमात तलावाची लांबी पाण्याखालून कापणारी बाई, ती दुसऱ्या जिन्यावर कठडा धरून उभी राहायची. सगळे म्हणाले, पोट वाढतंय, व्हायचंच. तिची आई मदतीला येऊन राहिली होती, तीही म्हणाली, तुझ्या वेळी मलाही असंच झालं होतं. मग एके दिवशी सकाळी आरशासमोर केस बांधताना बाईचा हात मानेजवळ थांबला. गळ्याच्या हाडाच्या वर, डाव्या बाजूला, एक गाठ होती. दुखत नव्हती. तिने नवऱ्याला हाक मारली आणि त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. ग्रॅमचा हजारावा भाग ओळखणारं ते बोट. त्याला तिथल्या तिथे कळलं की ही गाठ तिथे असायला नको.

तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून पाठवला, आणि आठ दिवसांनी उत्तर आलं. लिम्फोमा. रसग्रंथींचा कर्करोग. गळ्यातली गाठ म्हणजे नुसतं टोक होतं. खरा गोळा छातीच्या मधोमध, श्वासनळीला रेटून बसलेला होता. ठिपक्यामुळे दम लागत नव्हता. ठिपका बिचारा आपल्या जागी नीट होता.

पहिल्या डॉक्टरांनी गर्भ काढून टाकायचा मार्गही सांगितला. तो सांगणं त्यांचं कामच होतं आणि त्यांनी ते हळुवारपणे केलं. बाईने त्यांना तितक्याच हळुवारपणे सांगितलं की तो मार्ग आमचा नाही. मग त्यांनी तिला एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. या डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर सरकवून ठेवायच्या आणि मग टेबलभर शोधायच्या. त्यांनी सगळे कागद दोनदा वाचले.

"थांबलो तर आईला धोका आहे, आणि औषधं दिली तर बाळाची खात्री कोणी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण पहिले तीन महिने उलटलेत. यातली बरीचशी औषधं आता बाळाला फार त्रास देत नाहीत. वाट अरुंद आहे. काही बायका त्या वाटेने चालून गेल्यात."

बाईने विचारलं, "त्या बायका आता कुठे आहेत?"

"एक जण दरवर्षी मुलाच्या वाढदिवसाचा फोटो पाठवते."

"आणि बाकीच्या?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "सगळ्यांचे फोटो येत नाहीत," त्या म्हणाल्या.

खोटं बोलल्या असत्या तर बाई कदाचित उठून गेली असती. या उत्तराने तिचा विश्वास बसला. तिने तिथल्या तिथे सही केली.

औषधाच्या पहिल्या दिवशी काटेवाला तिच्या शेजारी स्टुलावर बसला होता. मोठी खिडकी, आठ खुर्च्या, आठ बाटल्या. तिच्या बाटलीतलं एक औषध लालभडक होतं, सरबतासारखं. नर्स मात्र ते दोन-दोन हातमोजे घालून हाताळत होती. जे औषध हातावर सांडू नये म्हणून नर्स एवढी जपते, ते आपल्या बायकोच्या शिरेत थेंबाथेंबाने उतरताना तो पाहत होता. बाईचा एक हात पट्टीने खुर्चीला बांधलेला, दुसऱ्या हातात जपमाळ, आणि तो हात पोटावर. तिचे ओठ हलत होते. मध्येच ती थांबली आणि हसली.

"लाथ मारली," ती म्हणाली. "जोरात. हात ठेव."

त्याने हात ठेवला. औषध एका बाजूने उतरत होतं आणि त्याच्या तळव्याखाली कोणीतरी आतून धक्के देत होतं, जागा माझी आहे असं बजावत असल्यासारखं. काटेवाल्याने आयुष्यभर दोन पारडी पाहिली होती, एकात काही टाकलं की दुसरं वर जातं. इथे एकाच देहात मरण आणि जीवन दोन्ही एकदम ओतलं जात होतं, आणि तो देह हसत होता. हे कोणत्या काट्यावर घालायचं ते त्याला समजेना.

दर दोन आठवड्यांनी ते जात. दुसऱ्या फेरीनंतर उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. एका दुपारी बाईने त्याला बाल्कनीत खुर्ची मांडायला लावली आणि केस कापायचं मशीन हातात दिलं. बाईची आई, त्याच्या सासूबाई, स्वयंपाकघरात भांड्यांचा मुद्दाम आवाज करत राहिल्या, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये. त्याने कपाळापासून मागे एकेक पट्टा काढला. पाण्यात राहून राहून तांबूस झालेले ते केस त्याच्या पायाशी पडत गेले. डोक्यावर, उजव्या कानामागे, एक लहानसा तपकिरी डाग निघाला. तीन वर्षं संसार केला आणि हा डाग त्याला माहीत नव्हता. त्याने त्यावर ओठ टेकवले.

"किती ग्रॅम कमी झाले बघ," बाई म्हणाली, आणि मग दोघंही हसले, आणि हसता हसता त्याला हुंदका आला तो काही केल्या आवरेना. शेवटी तिनेच टॉवेल त्याच्या तोंडाशी धरला.

चर्चमधले फादर घरी आले आणि त्यांनी तिला आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार दिला. पन्नाशीचे, जाडजूड, बोलघेवडे गृहस्थ. सुईचं नाव काढलं तरी घाबरायचे. बाईच्या हातावरची सलाईनची निळी-काळी खूण पाहून त्यांचाच चेहरा उतरला, आणि बाईने त्यांना आधी पाणी दिलं. मग त्यांनी तिच्या कपाळाला आणि दोन्ही तळव्यांना तेल लावलं. काटेवाला कापसाची वाटी धरून उभा होता. फादर गेल्यावर त्याने ती वाटी जरा जोरातच टेबलावर ठेवली.

बाईच्या ध्यानात आलं. काय झालं म्हणून तिने विचारलं.

"मी सध्या देवाशी बोलत नाही," तो म्हणाला.

"मग त्याला तसं सांग ना," बाई म्हणाली. "अबोला धरलाय हे त्याला कळायला तरी हवं."

तो वाटी उचलून आत गेला. पण त्या रविवारी खांबाला टेकून त्याने खरंच मनातल्या मनात तसं सांगितलं. चांगलं खडसावून, मागचंपुढचं सगळं काढून. बाहेर आला तेव्हा त्याला जरा हलकं वाटलं आणि त्या हलकं वाटण्याचाही राग आला.

पाच फेऱ्या पार पडल्या. दर वेळी सोनोग्राफीत ठिपका वाढलेला असायचा, आता त्याला नाक होतं, बोटं होती, एकदा तर तो अंगठा चोखताना दिसला. छातीतला गोळा लहान होत चालला होता. सासूबाई लोकर आणून टोपडं विणायला बसल्या. आता दिवस मोजायचे, असं सगळे म्हणायला लागले, आणि नेमकं तेव्हाच, तेहतिसाव्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी बाईला हुडहुडी भरली. औषधांनी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची शिबंदीच कापून काढली होती. कुठलासा साधा जंतू आत शिरला आणि त्याला अडवायला कोणी नव्हतं. रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिची नखं निळी पडली होती. डॉक्टरीणबाई धावत आल्या. चष्मा कपाळावरच होता. बाळाला आत्ताच्या आत्ता बाहेर काढावं लागेल, म्हणाल्या, दोघांसाठीही.

स्ट्रेचर नेताना बाईने नवऱ्याचं मनगट धरलं. तोंडावर मास्क होता म्हणून त्याला वाकावं लागलं.

"माझ्याकडे खूप माणसं आहेत," ती म्हणाली. "तू ठिपक्याजवळ थांब."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. ती रडली नाही. तिला घेऊन दोन जण एका दाराने पळाले, आणि बाईला घेऊन चार जण दुसऱ्या दाराने. बाईच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं, तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. सासूबाई त्या दुसऱ्या दारापाशी जपमाळ घेऊन बसल्या आणि जावयाला म्हणाल्या, तुम्हाला तिने सांगितलंय ना, जा तुम्ही.

बाळांच्या कक्षात सकाळचं ऊन पडद्यांतून गाळून येत होतं. काचेच्या पेट्यांची रांग, प्रत्येक पेटीशी एक मॉनिटर, त्याच्या पडद्यावर आकडे. शेवटच्या पेटीशी एक उंच, करड्या केसांच्या नर्स होत्या. काटेवाल्याच्या आयुष्यात दोन प्रकारच्या सिस्टर आल्या होत्या, झग्यातल्या नन आणि पांढऱ्या बुटांतल्या नर्स, आणि दोन्हींची त्याला शाळेपासून सारखीच धास्ती होती. या सिस्टरांनी त्याला आधी कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मग जवळ बोलावलं.

एक किलो पाचशे ऐंशी ग्रॅम. तो आकडा पाटीवर होता. एवढ्या वजनाचं काय काय असतं ते त्याला पाठ होतं, पण समोर जे होतं ते त्यातल्या कशासारखंच नव्हतं. नाकातोंडात नळ्या, छाती आत ओढली जात होती, बरगड्या काड्यांसारख्या. आणि डोक्यावर केस. दाट, काळेभोर, ओलसर, मानेपर्यंत आलेले केस. पाच वेळा ते लाल औषध जिच्या रक्तातून गेलं, जिच्या डोक्यावर एक केस उरला नाही, तिच्या पोटात बसून या मुलीने एवढे केस वाढवले होते. काटेवाला पाहतच राहिला.

पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा उतरत होता. डॉक्टर आले, त्यांनी काहीतरी वाढवलं, आकडा थोडा चढला आणि पुन्हा उतरला. डॉक्टर म्हणाले, पुढचा तासभर महत्त्वाचा आहे, आणि दुसऱ्या पेटीकडे गेले. सिस्टर मात्र गेल्या नाहीत.

"कागदावर कॅथलिक लिहिलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाळाला बाप्तिस्मा द्यायचा असेल तर आत्ता द्या."

त्याने फादरांना फोन लावला. फादर एका अंत्यविधीसाठी दूर गेले होते. निघतोच म्हणाले, पण दोन तास लागणार होते. त्याने सिस्टरांकडे पाहिलं.

"दोन तास धरू नका," त्या म्हणाल्या. "अशा वेळी कोणीही देऊ शकतं. मी स्वतः अकरा बाळांना दिलाय. पण इथे तिचे वडील उभे आहेत."

"मी तसा..." तो अडखळला. "मी फारसा चर्चमधला माणूस नाही. मी दाराजवळ उभा राहतो."

"तिला कुठे माहितीये ते," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी एका छोट्या सिरिंजमध्ये निर्जंतुक पाणी भरलं. दोन मिलिलिटर. पाणी गार लागू नये म्हणून सिरिंज मुठीत धरून जराशी उबवली आणि मग त्याच्या हातात दिली. पेटीच्या गोल झडपेतून त्याने दोन्ही हात आत घातले. आत ऊब होती, पावासारखा वास होता.

नावाचा घोळ घरात मिटलेलाच नव्हता. बाईला तिच्या आजीचं नाव हवं होतं आणि ते फार जुनाट आहे म्हणून यानेच मोडता घातला होता. आता त्याला दुसरं नाव सुचेना, आणि सुचायलाही नको होतं. सिस्टर म्हणाल्या, पाणी केसांवर राहू देऊ नका, कातडीला लागू दे. म्हणून त्याने डाव्या हाताच्या उघड्या बोटांनी ते काळे केस बाजूला सारले. खाली टाळू होती, आणि टाळू उडत होती. आतलं हृदय तिथपर्यंत येऊन वाजत होतं. तो ते नाव उच्चारून म्हणाला, "पित्याच्या," आणि थोडं पाणी ओतलं, "पुत्राच्या," आणि थोडं, "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो," आणि उरलेलं. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलेले शब्द, छडीच्या धाकाने पाठ केलेले. ते इतकी वर्षं कुठे बसून राहिले होते कोण जाणे, पण एकही शब्द चुकला नाही. पाणी केसांतून ओघळून कानामागे गेलं. मुलीने कपाळाला आठ्या घातल्या.

नंतर हे सांगताना तो प्रत्येकाला बजावून सांगायचा की आकडा जागचा हलला नाही. चमत्कार वगैरे काही झालं नाही, उगीच वाढवून सांगू नका. जे झालं ते त्याच्या आत झालं, आणि ते त्याला कधी धडपणे सांगता आलं नाही. आपल्या हातून काहीतरी असं घडलंय जे आपल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि तरी आपला हात होरपळला नाही, एवढंच त्याला कळलं. तो तिथेच फरशीवर गुडघ्यांवर बसला. सिस्टरांनी त्याला उठवलं नाही. त्यांनी फक्त पेटीची झडप लावून घेतली.

फादर सव्वादोन तासांनी घामाघूम होऊन पोहोचले, तेव्हा मुलीचा श्वास अजून ओढाताणीचाच होता. संध्याकाळी आकडा थोडा स्थिरावला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. कोणत्या घटकेला धोका टळला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

बाईच्या तोंडातली नळी चौथ्या दिवशी निघाली. घसा इतका सोलवटला होता की आवाज फुटेना. तिने आधी स्वतःच्या सपाट झालेल्या पोटावर हात फिरवला, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याने फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. मुलगी पेटीत पाय झाडत होती. बाईने पडद्यावर बोट ठेवलं, केसांवर, आणि मग तेच बोट आपल्या टकलावर ठेवलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते सरळ कानांत जायला लागलं. सासूबाई ते पुसत बसल्या. बाप्तिस्म्याचं त्याने सांगितलं तेव्हा तिने ओठांनीच विचारलं, कोणी? त्याने स्वतःकडे बोट दाखवलं. बाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस तिने आजच पाहिला.

त्याच संध्याकाळी तिला दूध आलं. औषधं चालू असताना ते मुलीला देता येणार नव्हतं. पुढच्या फेऱ्या बाकी होत्या. डॉक्टरीणबाईंनी ते आटवायच्या गोळ्या दिल्या. गळ्यात एवढी गाठ निघाली, केस गेले, तेव्हा बाईने कधी तक्रार केली नव्हती. त्या दिवशी मात्र ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि जपमाळेला तिने हात लावला नाही. काटेवाला तिच्या पाठीशी बसून राहिला. शेवटी भिंतीकडे बघतच ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आज तू बोल त्याच्याशी. मला जमत नाही."

मग त्याने तिची माळ घेतली. मणी कुठून सुरू करायचे इथपासून सासूबाईंनी त्याला खूण केली. तो मोठ्याने, अडखळत, मध्ये मध्ये चुकत म्हणत गेला, आणि माळेचं चौथं दशक, म्हणजे चौथे दहा मणी, चालू असताना बाईला झोप लागली.

मुलीला दूधपेढीतलं दूध मिळत होतं. लहान लहान बाटल्या, त्यावर नुसता क्रमांक. कुठल्या कोण बायका, आपल्या बाळाला पाजून उरलेलं दूध काढून देऊन गेलेल्या; त्यातल्या एकीचंही तोंड यांनी कधी पाहिलं नाही. दर तीन तासांनी त्यातले दहा-बारा मिलिलिटर नळीने मुलीच्या पोटात जात. काटेवाला त्या बाटल्यांकडे चर्चमधल्या पात्राकडे पाहावं तसा पाहायचा. सकाळी वजन व्हायचं तेव्हा तो हजर. एकदा सिस्टर आनंदाने म्हणाल्या, वीस ग्रॅम वाढले, तर हा खाली वाकून म्हणतो, काटा एका बाजूला कललाय, खरे बाराच असणार. सिस्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूटपणे काट्याचे पाय फिरवून तो समतल करून दिला. पुन्हा वजन केलं. बारा भरले. पण पुढच्या पंधरवड्यात कक्षातल्या सगळ्या काट्यांचे पाय त्याच्याकडून नीट करून घेतले गेले.

अकराव्या दिवशी बाईला चाकाच्या खुर्चीतून बाळांच्या कक्षात आणलं. सिस्टरांनी नळ्या सावरत मुलीला उचललं आणि बाईच्या उघड्या छातीवर, अगदी मधोमध, पालथं ठेवलं, वरून दुलई पांघरली. छातीत त्या जागी, कातडीच्या आत, तो गोळा होता, आता लिंबाएवढा उरलेला. त्याच्यावर मुलीने गाल टेकला. पहिल्या मिनिटात तिने हातपाय आखडले. मग तिची मूठ सुटली आणि बोटं बाईच्या गळ्यावरच्या व्रणाशी जाऊन पसरली. पडद्यावरचे आकडे एकेक करून निवांत होत गेले, जसं कोणी गलका करणाऱ्या वर्गात शिरावं आणि वर्ग आपोआप शांत व्हावा. सिस्टर पडद्याकडे बघत होत्या. शेजारच्या पेटीशी उभी असलेली अनोळखी आईही काम थांबवून बघत राहिली.

बाईने मुलीच्या केसांत नाक खुपसलं. तिचा खणखणीत आवाज गेला होता तो गेलाच होता, उरला होता नुसता एक खरखरता धागा. त्याच आवाजात तिने मुलीला तिच्या पणजीच्या नावाने हाक मारली. मुलीने डोळे उघडले.

दोन किलोची झाल्यावर मुलगी घरी आली. बाईच्या राहिलेल्या फेऱ्या चालूच होत्या. एका खोलीत आई ओकायची, दुसऱ्या खोलीत मुलगी. सासूबाई मधल्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, म्हणजे दोन्हीकडे धावता येई. काटेवाला सकाळी कामावर जायचा, दुपारी येऊन बाटल्या उकळायचा आणि मुलीला खांद्यावर टाकून ढेकर काढत घरभर फिरायचा. चर्चमधल्या बायकांनी पाळ्या लावून डबे पोहोचवले. महिनाभर घरात चूल नावालाच पेटली.

शेवटच्या फेरीनंतर महिना-दीड महिन्याने स्कॅन झालं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर छातीचं चित्र लावलं. जिथे गोळा होता तिथे राखाडी रंगाची एक बारीक रेघ होती, जखम भरल्यावर राहते तशी.

"आज मला इथे आजार दिसत नाही," त्या म्हणाल्या. "उद्याचं उद्या बघू. पाच वर्षं बघत राहू."

बाई म्हणाली, "आम्ही फोटो पाठवू."

डॉक्टरीणबाई खिडकीकडे वळल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा तिला चर्चमध्ये आणलं. राहिलेले विधी पूर्ण करायचे होते. बाईच्या डोक्यावर बोटभर केस आले होते, मऊ आणि कुरळे, पूर्वी नव्हते तसे. या वेळी काटेवाल्याला खांबापाशी उभं राहून चालणार नव्हतं. तो वेदीपुढे, सगळ्यांच्या नजरेसमोर. फादरांनी विधी सुरू करण्याआधी त्याला गंभीरपणे दोन प्रश्न विचारले. पाणी कातडीवरून वाहिलं होतं का? शब्द पूर्ण म्हटले होते का? तो दोन्हींना हो म्हणाला.

"मग बाप्तिस्मा झालेला आहे," फादर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तो एकदाच होतो. त्यात मला भर घालता येत नाही." त्यांनी मुलीच्या डोक्यावर पवित्र तेल लावलं, पांढरं वस्त्र दिलं, मेणबत्ती पेटवून बापाच्या हातात दिली. पाण्याचं भांडं झाकलेलंच राहिलं. काटेवाल्याने त्या झाकणाकडे पाहिलं. खुद्द चर्चचे धर्मगुरू हात आखडते घेत होते, कारण एका मंगळवारी सकाळी त्याने सिरिंजने पाणी ओतलं होतं.

नंतर मागच्या खोलीत फादरांनी बाप्तिस्म्याची नोंदवही उघडली. पानभर ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्यात संस्कार देणाऱ्याचं नाव: फादर, फादर, फादर. नव्या ओळीत त्यांनी नावं, तारीख लिहिली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, मुलीचे वडील. काटेवाला ते वाकून वाचत राहिला. असं आधी कधी झालं होतं का, त्याने विचारलं.

फादर कपाटातून एक जुनी, बांधणी सुटलेली वही काढून आले. शोधत शोधत त्यांनी एक पान उलगडलं. पिवळ्या कागदावर तेच रकाने, तेच अक्षर ओळीमागून ओळ, आणि मध्येच एके ठिकाणी शेवटच्या रकान्यात एकच शब्द: सुईण. साल पाहिलं तर ब्याऐंशी वर्षांपूर्वीचं. मूल जगायचं नाही असं वाटून तिने पाणी ओतलं असणार.

"गेलं का ते बाळ?" काटेवाल्याने विचारलं.

"बाहेर केक खातंय," फादर म्हणाले.

अंगणात टेबलं मांडली होती. कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारा बशी गुडघ्यावर सांभाळत बसला होता. काटेवाल्याने त्याला प्रत्येक रविवारी पाहिलं होतं. मिस्सा चालू असताना मोठ्याने खोकणारा म्हणून त्याच्यावर वैतागलाही होता. तो मुलीला घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. ब्याऐंशी वर्षं. कुठल्या तरी घाबरलेल्या बाईने वाटीभर पाणी घेतलं, शब्द आठवले, आणि त्यानंतर हा माणूस लग्नाचा झाला, नातवंडांचा झाला, इथे बसून केक खातोय. बाई मागून येऊन त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली.

म्हाताऱ्याने वर पाहिलं. "हीच का ती?" तो म्हणाला. "फादर सांगत होते. मीही असाच घाईत आलो होतो म्हणे." त्याने बोटावरचं क्रीम जपून रुमालाला पुसली आणि ते बोट मुलीपुढे केलं. मुलीने ते पकडलं आणि सोडीचना. म्हाताऱ्याने बशी बाजूला ठेवली आणि बाकावर सरकून दोघांना जागा करून दिली.